कोठीतली धुणावळ

तळगव्हाणच्या शिवेवर, चांदवडकडून येणारी एस.टी. जिथं वळण घेते, तिथं एक लांबोडकी दगडी कोठी उभी आहे. सुलाबाईच्या सासऱ्याने ती बांधली ती धान्यासाठी. समोर खळं, खळ्यात मळणी, आणि मळलेली बाजरी पोत्यात भरून थेट कोठीत. भिंती हातभर जाड, वर सागाची आढी, उंदीर शिरू नये म्हणून जोतं कमरेइतकं उंच. म्हातारा मोठ्या उमेदीचा. कोठी कायम भरलेली राहणार असं धरूनच त्याने ती बांधली. तो गेला, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि सुलाबाईच्या नवऱ्याच्या, पुंजारामच्या वाट्याला कोठी आली. ती भरेल इतकं रान मात्र आलं नाही.

रिकाम्या कोठीकडे बघून पुंजारामचा जीव तुटायचा. एकोणसत्तर साली त्याने सुलाबाईच्या गळ्यातली पोत मोडली आणि पिठाच्या गिरणीसाठी नाशिकहून तेलावरचं इंजिन आणलं. चांदवडपर्यंत ट्रक, तिथून पुढे बैलगाडी. खाचखळग्यांतून ते धूड येताना गाडीचा कणा मोडला, तर गावातली माणसं दोर लावून ओढायला धावली. भिंतीला गोल भोक पाडून धुराची नळी बाहेर काढली, इंजिनाला हँडल मारलं, आणि 'पुक पुक पुक' असा आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. त्या दिवशी बायांनी आपापली जाती भिंतीला टेकवून ठेवली.

"पोरी," सुलाबाईची सासू म्हणाली, "आता ओव्या कुठं म्हणायच्या गं?"

"इंजिनासंगं म्हणा, आत्याबाई. ताल तरी चुकायचा नाय."

पुंजाराम माळकरी माणूस. एकादशीला इंजिन बंद. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, हा पिठाने पांढराफटक झालेला तसाच जायचा आणि पुढच्या रांगेत बसायचा. देवाच्या दारात लहानमोठं कुणी नाही असं बुवा सांगू लागले की याच्या डोळ्यांतून धार लागायची, आणि पिठाच्या गालांवर तिचे ओघळ दिसायचे. बायका पदराआड हसायच्या. सुलाबाईला मात्र त्या ओघळांचं कौतुक होतं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिला मनापासून वाटे.

पण गिरणी सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता, तर पेच पडला. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या बाया दळण घेऊन आल्या. त्यांना बघून गावातल्या बायांनी आपापल्या पाट्या उचलल्या. "ह्यांच्या मागनं आमचं दळण घालायचं नाय." वस्तीने जुनं सगळं केव्हाच टाकून दिलं होतं, घरोघरी बुद्धाची तसबीर लागली होती. गावाने काहीच टाकलं नव्हतं. पुंजारामने डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. वस्तीचं दळण झालं की शेरभर बाजरी दगडांतून फिरवायची, म्हणजे दगड धुतल्यासारखे होतात. ते पीठ आपल्या बैलांच्या गव्हाणीत टाकायचं. आणि तो शेर कुणी द्यायचा? तर ज्याच्या मागनं दगड धुवायचे, त्याने.

गाव राजी झालं. वस्ती दातओठ खात राहिली. पण दुसरी गिरणी चांदवडला, आणि दळण डोक्यावर घेऊन तिथवर जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. त्यांनी शेर देणं धरलं. त्या शेराला गावात नाव पडलं, धुणावळ.

"सगळ्यांचं भागलं," पुंजाराम समाधानाने म्हणायचा. "नायतर त्यांना येऊच दिलं नसतं गावानं." आपण पुण्याचं काम केलं, याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. सुलाबाईलाही नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरींचे तळ दिसले. बैलजोडी चांदवडच्या बाजारात मातीमोलाने गेली. पुंजाराम पाझर तलावाच्या कामावर, सुलाबाई खडीवर. तिच्या शेजारी बसून खडी फोडायची ती वस्तीतली लंकाबाई. दोघी एकाच वयाच्या, दोघींची पोरं लहान. हातोडी बोटावर बसली की एक 'आई गं' म्हणायची आणि दुसरी चिंधी फाडून द्यायची. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, ज्वारीसारखा, मिळायचा; तो आणून सगळे पुंजारामच्याच गिरणीत दळायचे. लंकाबाईही आणायची. आणि दळण झालं की मागं ठेवलेल्या दाण्यांच्या फडक्याची गाठ सोडून त्यातूनच धुणावळीचा शेर मोजून द्यायची.

बैल नव्हते, पण शेर चालूच होता. गव्हाण रिकामी होती, म्हणून पुंजाराम ते पीठ डब्यात टाकून कोपऱ्यात ठेवायचा. सुलाबाईचा वाल्मीक तेव्हा सात वर्षांचा; भुकेने किरकिरा झालेला, हातापायाच्या काड्या. एके दिवशी सुलाबाईने तो डबा उघडला. पुंजारामने बघितलं आणि मान वळवली. त्या दिवसापासून दुष्काळ सरेपर्यंत वाल्मीकच्या भाकरीला धुणावळीचं पीठ होतं. नवराबायको त्याबद्दल एकमेकांशी कधी एक अक्षर बोलली नाहीत.

पुढे पाऊसपाणी झालं, गावाला पुन्हा रंग आला. पुंजाराम मात्र अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास छातीत कळ येऊन गेला. त्याच्या सरणाची लाकडं सहादूआण्णांनी आपल्या रानातून दिली. सहादूआण्णा म्हणजे सप्त्याच्या मंडळाचे मुख्य, शब्दाचा पक्का माणूस. उगाच नाव ठेवण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. सुलाबाई स्वतः इंजिनाला हँडल मारायला शिकली. दगडांना टाकी लावायलाही शिकली. छिन्नी घेऊन बोथट झालेल्या दगडांवर खाचा पाडताना तिच्या मनगटात खडीवरचा जोर परत यायचा. वाल्मीक मोठा झाला, दाढीमिशा फुटल्या, तोही हाताशी आला. घर त्या गिरणीवर उभं होतं. आणि धुणावळ, पुंजारामने घालून दिलेली, तशीच चालू होती. बैल पुन्हा घेणं काही झालं नाही. ते पीठ आता कोंबड्यांना जायचं.

गावाचा अखंड हरिनाम सप्ता चैत्रात असायचा. घरोघरचा गहू एकत्र करायचा, तो सुलाबाईच्या गिरणीत फुकट दळून द्यायचा, आणि काल्याच्या दिवशी त्याच्या पोळ्या, आमटी, लापशी. ही सेवा पुंजारामपासून त्या घराची. चौऱ्याऐंशीच्या सप्त्याला जे महाराज आले होते त्यांचा गळा असा, की पहिली चाल उचलली आणि मंडपातली तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. त्या दिवशी त्यांनी दृष्टान्त दिला तो पिठाचा.

"माउलींनो," महाराज म्हणाले, "दाणा रानात असतो तोवर म्हणतो, मी पाटलाच्या वावरातला, मी गरिबाच्या वावरातला. एकदा पीठ झालं की सांगा बरं, त्यातलं पाटलाचं कोणतं आणि गरिबाचं कोणतं? देवाला तुमचा दाणा नको आहे. त्याला पीठ पाहिजे!" मृदंग असा कडाडला, टाळ असे उसळले, की सुलाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. सारा मंडप माना डोलवत होता. सहादूआण्णा डोळे पुसत होते. सुलाबाईला वाटलं, महाराज आपल्या एकटीशीच बोलतायत. पिठाची गोष्ट गिरणीवालीला नाही सांगायची, तर कुणाला?

दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून वस्तीत गेली. लंकाबाई अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती.

"ये बाई. आज इकडं कुठं वाट चुकली?"

"चुकले नाय, मुद्दामच आले." सुलाबाई ओट्यावर टेकली. "यंदा सप्त्याच्या दळणात तुझी पायलीभर बाजरी घालायची. म्हणजे सगळ्या गावाचं पीठ एक. काल महाराजांनी असं सांगितलं, लंके, तुला काय सांगू..."

लंकाबाईचं सूप थांबलं नाही. "आण्णांना इचारलं?"

"आण्णांना मी सांगते ना."

"अगं, पण मला एक सांग. तुमच्या सप्त्याशी आमचं काय घेणंदेणं? आम्ही आमची वंदना करतो. तुझ्या दारात कधी आलो का वर्गणी मागायला?"

"मी चांगल्या मनानं आले गं."

"ते का मला माहीत नाय? वाईट मनानं आली असती तर दारातूनच लावली असती." तिने सूप खाली ठेवलं. "तुला कायतरी करायचंच हाय ना? मग धुणावळ बंद कर. तुझा सप्ता तुला लखलाभ, त्यात माझा दाणा नको. पण माझ्या मागनं दगड धुते, आणि धुते तेपण माझ्याच बाजरीनं, हे बंद कर."

सप्त्यात लंकाबाईला घ्यायचं, मग ती खूश होईल, डोळे पुसेल, असं सगळं चित्र सुलाबाई वाटेने रंगवत आली होती. हे असलं मागणं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"गाव येईल का गं मग गिरणीला?" तिने हळूच विचारलं.

"ते मला काय इचारते? गाव तुझं हाय."

सुलाबाईने ओट्यावरची तुरीची टरफलं बोटाने गोळा केली. गिरणी बसली तर वाल्मीकचं काय, घराचं काय. आणि नाही केलं तर कालची ती मान डोलवणारी बाई कोण होती? शेवटी ती उठली. "परवा सप्त्याचं दळण हाय. त्याच्या आधी तुझं लावते. धुणावळ घ्यायची नाय. माझ्या माळेची आण."

"बघू," लंकाबाई म्हणाली, आणि तिने पुन्हा सूप उचललं. पण ठरल्या दिवशी ती आली, डोक्यावर बाजरीची पाटी घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून.

धुणावळ घालायची नाय असं वाल्मीकला बजावून सुलाबाईने स्वतः तिचं दळण वरच्या पेटीत ओतलं. पट्टा फिरू लागला, कापडी नळ्यातून ऊन ऊन पीठ पाटीत पडू लागलं. लंकाबाईने चिमूट बोटांत चोळून बघितली. "बारीक झालं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत गिरणीत उभं राहून ती दळणाबद्दल पहिल्यांदाच काही बोलली असेल. तेवढ्यात बाहेर सप्त्याच्या गव्हाची गाडी येऊन लागली, सहादूआण्णांची हाक आली, आणि सुलाबाई पोती कुठं उतरवायची ते दाखवायला खळ्यात गेली.

ती परत आत आली तेव्हा नळ्यातून पुन्हा पीठ पडत होतं. खाली धुणावळीचा डबा. वाल्मीकच्या हातात रिकामा शेर, आणि लंकाबाईच्या पाटीतल्या पिठाला कडेला पडलेला खड्डा; दाणा उरला नव्हता, म्हणून त्याने तिचं पीठच पुन्हा दगडांतून फिरवलं होतं. लंकाबाई भिंतीला टेकून उभी होती.

सहादूआण्णा मागोमाग दारात आले. "झाली का रे धुणावळ?"

"झाली, आण्णा. ओता गहू."

"कुणाला इचारून घातली?" सुलाबाईचा आवाज इंजिनाच्या वर चढला. "मी नाय म्हटलं होतं ना?"

"आई, सप्त्याचं दळण हाय. दारात सगळं गाव उभंय." वाल्मीक दबक्या आवाजात म्हणाला. "उद्या कुणी फिरकलं नाय तर खायचं काय आपण? तू गप बस ना."

"वैनी, पोराचं बरोबर हाय," आण्णा शांतपणे म्हणाले. "पुंजारामनं घालून दिलेली रीत हाय. शेरभर पीठ बैलाच्या तोंडात गेलं तर काय बिघडलं कुणाचं?"

"कुठल्या बैलाच्या?" सुलाबाई म्हणाली. "आमच्या दारात बैल दिसतो का, आण्णा? दुष्काळात गेली ती जोडी, पुन्हा आली नाय."

आण्णांनी खळ्याकडे वळून बघितलं, जसं काही आत्ताच त्यांच्या ध्यानात आलं. "मग इतकी वर्षं धुणावळ जाते कुठं?"

तिथं ती गप्प राहिली असती तर निभलं असतं. कोंबड्यांना, असं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण तिच्या डोक्यात कीर्तनातला मृदंग अजून वाजत होता.

"माझ्या चुलीवर गेली," ती म्हणाली. "दुष्काळात त्याच पिठाच्या भाकरी थापल्या मी. हा तुमच्यापुढं उभा हाय ना, दगड धुणारा, हा त्या भाकरीवर जगलाय. आणि ह्याच हातांनी मी तेव्हापासून तुमच्या सप्त्याचं पीठ भरते. बाटला का तुमचा देव? सांगा, बाटला?"

वाल्मीकने पट्टा सोडवला. इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. दारात जमलेल्या बायांपैकी धोंडाबाईने तोंडाला पदर लावला, आणि शेजारणीने तिच्याकडे बघून तसंच केलं. सुलाबाईला वाटलं होतं, खरं ऐकून कुणाला तरी लाज वाटेल. आण्णांना वाटेल, निदान आण्णांना. आण्णा खाली बघत म्हणाले, "बाई, हे बोलायला नको होतंस. इतकी वर्षं आम्हाला फसवलंस." मग गाडीवानाला म्हणाले, "पोती चढव परत."

गाडी वळली. माणसं पांगली. वाल्मीक इंजिन बंद करून मागच्या दाराने निघून गेला. कोठीत दोघीच उरल्या.

"बघितलंस?" सुलाबाई धापा टाकत म्हणाली. "बोलले मी. सगळ्यांच्या तोंडावर बोलले."

लंकाबाईने पाटी डोक्यावर घेतली नाही. ती पिठातल्या खड्ड्याकडे बघत होती.

"कुणाच्या ना कुणाच्या बैलाला जातं म्हणून देत होते मी," ती म्हणाली. "मनात म्हणायचे, मुकं जनावर हाय, त्याचा काय दोष. माझी सखू तेव्हा मिलोच्या कण्यांचं पाणी पिऊन झोपायची. तू अन् मी शेजारी बसून खडी फोडत होतो, सुलाबाई. पोर उपाशी हाय, असं म्हणायचं होतंस. शेर काय, अर्धी भाकरी दिली असती मी. भाकरी म्हणून दिली असती."

सुलाबाईने तिचा हात धरायला हात पुढे केला. लंकाबाईने पाटी उचलली आणि ती बाजूने निघून गेली.

सप्त्याचा गहू त्या दिवशी चांदवडला गेला. बाजारपेठेतली गिरणी, रांगेत शंभर ठिकाणची दळणं. तिथं आधी कुणाचं पडलं होतं, हे गावातल्या कुणी विचारलं नाही. काल्याचं जेवण यथासांग झालं. सुलाबाईच्या घरी बोलावणं आलं नाही. कुणी 'येऊ नका' असंही म्हटलं नाही. पंगतीत तिच्या शेजारची जागा सुटत गेली असती, म्हणून ती गेलीच नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत गावात विजेची चक्की झाली. धोंडीराम म्हणून आण्णांचा पुतण्या, त्याने टाकली. सुलाबाई पुन्हा एकदा ओढा ओलांडून वस्तीत गेली. "आता धुणावळ नाय. कुणाच्या मागनंही नाय. ये ना दळायला, तुम्ही सगळ्या या. फुकट दळून देते." लंकाबाईने पाणी दिलं, चहा ठेवला, सखूला दिवस गेलेत ते सांगितलं. दळणाचं मात्र काही बोलली नाही. वस्तीतल्या बाया धोंडीरामकडेही जात नव्हत्या. दोघीतिघी मिळून एस.टी.ने चांदवडला जायच्या, मांडीवर पिठाचे डबे घेऊन परत यायच्या. कोठीसमोर गाडी वळताना सुलाबाईला खिडकीतून ते डबे दिसायचे.

वाल्मीकने इंजिन भंगारात काढलं. दगड खळ्यात लोळत पडले. कोठीला कांदा बरा मानवेल असं एका व्यापाऱ्याने सांगितलं, म्हणून भिंतीत हवेसाठी झरोके पाडले आणि कोठी भाड्याने दिली. आईशी तो कामापुरता बोलायचा. "तुला एकटीलाच कीर्तन कळलं का?" असं एकदा म्हणाला होता, त्यानंतर तेही नाही.

दोन वर्षांनी तेच महाराज सप्त्याला आले. त्यांची जीप वळणावर गरम होऊन थांबली, बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. सुलाबाई कोठीच्या दारात बसून सडके कांदे वेगळे काढत होती. ती पाण्याची घागर घेऊन गेली, पदराने हात पुसून महाराजांच्या पाया पडली.

"माई, तुम्ही गावातल्याच ना? मंडपात दिसला नाहीत कधी."

"पूर्वी पुढच्या रांगेत असायचे, महाराज. तुम्ही पिठाचा दृष्टान्त दिला होता तेव्हा होते."

महाराजांचा चेहरा खुलला. "अहो, तो दृष्टान्त लोकांना फार आवडतो! यंदाही देणार आहे. या तुम्ही."

"द्या, महाराज. गोड सांगता तुम्ही. मी तो खराच धरला होता."

महाराजांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण जीप तेवढ्यात सुरू झाली. त्यांनी हात उंचावून आशीर्वाद दिला. संध्याकाळी मंडपातला कर्णा इथवर ऐकू येऊ लागला. चाल तीच, आवाज तसाच गोड, आणि पीठ शब्दाशी मृदंगाची तीच थाप. सुलाबाईचे हात टाळी वाजवायला आपोआप उचलले गेले. मग तिने ते पुन्हा कांद्यांत घातले आणि एक नासका कांदा शोधून बाहेर फेकला.